वरच्या मजल्यावर नवे शौचालय आणि मलवाहिनी घराच्या दुसऱ्या टोकाला

पुण्यात सहकारनगर, एरंडवणे, कोथरूड या भागांतील जुन्या बंगल्यांत दोन्ही मजल्यांची शौचालये बहुधा मागच्या अंगाला, एकावर एक अशी बांधलेली असतात आणि कमोडचा ४ इंची, म्हणजे ११० मिमीचा, पाइप त्याच भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे मैल्याच्या लाइनवरच्या झाकणाच्या हौदात, उतरतो. पुढे मुलाचे लग्न होते किंवा आई-वडील वरच्या पुढच्या खोलीत राहायला जातात आणि त्या खोलीला लागून शौचालय हवे, अशी गरज निर्माण होते. अशा वेळी फरशी उचलून खोलीभर पाइप टाकण्याचा आणि तो मागच्या जुन्या लाइनला जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हा शेवटचा पर्याय असावा. नवे शौचालय जवळच्या बाहेरच्या भिंतीला लावून तिथूनच स्वतंत्र उभी लाइन खाली उतरवावी आणि चेंबरपर्यंतचे अंतर जमिनीखालून काटावे, कारण ढाळासाठी लागणारा उंचीतला फरक मजल्यावर फार महाग पडतो, तर अंगणात तो केवळ खोदाईच्या खर्चात मिळतो.

हिशेब साधा आहे. ११० मिमीच्या आडव्या पाइपला ४० मीटरला १ मीटर, म्हणजे दर मीटरला २५ मिमी ढाळ द्यावा. ८ मीटर अंतर असेल तर २०० मिमीचा उतार झाला. त्यात पाइपची जाडी आणि वरची फरशी मिळवली, की शौचालयाची जमीन फूटभराहून अधिक उचलावी लागते. ही उंची विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरली तर केवळ १५० मिमी थराचे वजनही दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जाते. घरातील खोल्यांच्या स्लॅबवर वापराचा भार म्हणून सामान्यतः चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. म्हणजे माणूस पाऊल ठेवण्यापूर्वीच ती शिल्लक संपते. भर घालणे अटळच असेल तर एएसी, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या हलक्या, ब्लॉकची घालावी आणि तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच. पेठांतील वाड्यांत, जिथे वरचा मजला लाकडी तुळयांवर आणि कडीपाटावर उभा आहे, तिथे मात्र वजन आणि ओल या दोन्ही कारणांनी हा विचारच करू नये.

कामाची सुरुवात वर नव्हे, खाली, चेंबरचे झाकण उघडून करावी. चेंबरमध्ये येणाऱ्या पाइपचा तळ जमिनीपासून किती खोल आहे हे मोजावे. नवी लाइन जिथे उतरणार तिथून चेंबर १२ मीटरवर असेल, तर ३०० मिमी ढाळ लागेल. सुरुवातीला पाइपवर निदान ३०० मिमी माती राहावी असे धरले आणि पाइपची जाडी मिळवली, तर चेंबरमध्ये पाइपचा तळ सुमारे ७०० मिमी खोल यायला हवा. तेवढी खोली नसेल तर मार्ग बदलावा किंवा अधिक जवळचे चेंबर शोधावे. टेकडीलगतच्या वस्त्यांत दोन-तीन फुटांवरच काळा खडक लागू शकतो, म्हणून दर ठरवण्याआधी एखादा खड्डा घेऊन पाहणे शहाणपणाचे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाइपखाली व भोवती वाळू भरावी, नाहीतर त्याचा ढाळ वर्षभरात बिघडतो. लाइन जिथे वळेल तिथे चेंबर बांधावे आणि उभ्या पाइपच्या पायथ्याशी एकदम काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन बेंड द्यावेत.

दोन गोष्टी कोणी कितीही आग्रह केला तरी करू नयेत. जवळून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या पाइपला कमोड जोडू नये, कारण ते पाणी अखेर ओढ्या-नाल्यात जाते. आणि मोरीच्या किंवा स्वयंपाकघराच्या ७५ मिमीच्या लाइनलाही जोडू नये, कारण ती गली ट्रॅपमध्ये, म्हणजे दुर्गंधी अडवण्यासाठी पाणी साठून राहणाऱ्या सांडपाण्याच्या वळणात, उतरते आणि तिथे मैला अडकतो.

शौचालय बाहेरच्या भिंतीपासून थोडे आत घेणे भागच असेल, तर कमोडची निवड निर्णायक ठरते. पी-ट्रॅपच्या, म्हणजे मागे भिंतीकडे तोंड असलेल्या, कमोडचा निचरा फरशीपासून साधारण १८० मिमी वर, मागच्या बाजूने होतो. म्हणजे पाइपचा तळ फरशीच्या १२५ मिमी वर असतो आणि तेवढ्या उंचीत ५ मीटरपर्यंतचा ढाळ फरशी न फोडता बसतो. पाइप भिंतीलगत बुटक्या कट्ट्यात झाकता येतो. भिंतीवर टांगलेल्या कमोडला याहून थोडी अधिक उंची मिळते. अडचण कमोडची नसतेच, ती असते नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या ट्रॅपची. आपल्याकडे शौचालय पाण्याने धुतले जाते, त्यामुळे फरशीचे पाणी फरशीखालूनच न्यावे लागते. तो ट्रॅप बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवावा. स्लॅबमधून खाली काढायचा असेल तर छिन्नी-हातोड्याऐवजी कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक, करावे, बीम टाळावा आणि खाली देवघर किंवा ओटा येत नाही हे पाहावे. श्रद्धा बाजूला ठेवली, तरी सांधा कधी ना कधी गळतोच.

बाहेरून जाणाऱ्या आडव्या पाइपला दर मीटरला क्लॅम्प हवा, अन्यथा दोन क्लॅम्पमध्ये पाइपला पोट येते आणि नेमका तिथेच मैला साचतो. पश्चिमेच्या भिंतीवर चैत्र-वैशाखात पीव्हीसी चांगलाच तापतो. ६ मीटरच्या पाइपची लांबी २० अंशांच्या फरकाने ८-९ मिमी वाढते, म्हणून अशा ठिकाणी रबरी रिंगचे सांधे घ्यावेत आणि पाइप सांध्यात टोकापर्यंत न ठोकता थोडी जागा सोडावी. वळणावर डोअर बेंड, म्हणजे सफाईसाठी दार असलेला बेंड, लावावा आणि त्याचे दार हात पोचेल अशा बाजूला ठेवावे. उभी लाइन गच्चीच्या वर न्यावी, कारण हवा मिळाली नाही तर फ्लशच्या ओढीने ट्रॅपमधले पाणी खेचले जाते आणि घरात दुर्गंधी शिरते. गच्चीवर पापड वाळत असतील, कोजागरी होत असेल, तर तो पाइप गच्चीपासून निदान २ मीटर उंच हवा.

कमोडमागे बसणारा, मैला दळून बारीक पाइपने ढकलणारा पंप हाही एक मार्ग आहे. त्याला ढाळ लागत नाही, पण वीज लागते आणि आपल्या शहरात दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा गुरुवार सर्वांच्या परिचयाचा आहे. घरात दुसरे शौचालय असेल तरच तो बसवावा.

कोणत्याही फोडाफोडीपूर्वी परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून महापालिकेच्या परवानगीची गरज समजून घ्यावी. सोसायटीत राहत असल्यास तिची लेखी संमती घ्यावी.

फरशी बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ते ४८ तास ठेवावे आणि खालच्या छताला हात लावून ओल तपासावी. चर बुजवण्याआधी वरच्या कमोडमधून दोन-तीन बादल्या पाणी सोडून चेंबरपाशी उभे राहावे: ते एका दमात यायला हवे. त्यानंतर प्रत्येक सांध्याचे, शेजारी टेप धरून, छायाचित्र काढून घ्यावे आणि मगच माती ओढावी.