जुन्या घराचं अ‍ॅटिक: आधी भोकं बुजवा, मग कापूस भरा

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्यांची जानेवारीतली तक्रार ठरलेली. थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइट दाखवतोय, घर तापवणारी फर्नेस थांबायचं नाव घेत नाही, आणि वरच्या बेडरूममध्ये मुलं दोन-दोन रजया घेऊन झोपलीयत. जुलैत बरोब्बर उलटं: एसी रात्रभर चालू आणि तीच खोली भट्टी. मग कुणीतरी सांगतं, खिडक्या बदला. कोटेशन बघून हातातला चहा गार होतो.

आमचं घर १९५२ सालचं, केप कॉड पद्धतीचं. आम्हीही खिडक्यांपासूनच सुरुवात करणार होतो. त्याआधी एकदा टॉर्च घेऊन छपराखालच्या माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये चढलो आणि खिडक्यांचा विषय संपला. खोल्यांच्या डोक्यावर इन्सुलेशन म्हणून, म्हणजे उष्णता अडवायला, साडेतीन इंच जुनी रॉक वूल (दगडी तंतूंचा कापूस), तीही जागोजागी दबलेली, आणि तिच्या खाली छताला पडलेली मुठीएवढी भोकं.

गंमत अशी की या भोकांमुळे पाय गार पडतात. हिवाळ्यात गरम हवा वर चढते आणि छतातल्या फटींतून निसटते. गेलेल्या हवेची जागा भरायला बेसमेंट आणि तळमजल्याच्या सांदीकोपऱ्यांतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. म्हणजे अख्खं घरच धुराडं होतं. अशा घरात नुसता वरून इन्सुलेशनचा जाड थर टाकणं म्हणजे गोधडी पांघरून खिडकी उघडी ठेवणं. फायबरग्लास हवा अडवत नाही, फक्त गाळते. आमच्याकडे आलेल्या एका कॉन्ट्रॅक्टरला नेमकं तेच करायचं होतं: अर्ध्या दिवसात कापूस, म्हणजे सुटं इन्सुलेशन, उडवायचा, चेक घ्यायचा आणि जायचं. फटी कोण बुजवणार, असं विचारल्यावर तो म्हणाला की कापसाने आपोआप झाकल्या जातील. झाकल्या जातात, बंद होत नाहीत.

चढण्याआधी

एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा. उन्हाळ्यात अ‍ॅटिकचं तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर जातं, तिथे अर्धा तासही काम होत नाही. एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि डोक्यावर जाड टोपी हवी. टोपी शोभेची नाही, छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या शेकडो खिळ्यांच्या टोकांसाठी आहे. पाय फक्त जॉईस्टवर, म्हणजे छत तोलणाऱ्या आडव्या लाकडांवर ठेवायचा. मधल्या जागेत पाय पडला तर तो खालच्या खोलीत निघतो. दोन-तीन जॉईस्टवर टेकेल असा प्लायवुडचा तुकडा सोबत न्या आणि पुढे सरकवत राहा.

पहिली चक्कर नुसती बघण्याची. दोन गोष्टी दिसल्या तर हात न लावता खाली उतरा. एक म्हणजे व्हर्मिक्युलाइट: करड्या-तपकिरी किंवा चंदेरी-सोनेरी, चकाकणाऱ्या बारीक खड्यांसारखा सैल भराव. अमेरिकेत १९१९ ते १९९० दरम्यान विकलेल्या व्हर्मिक्युलाइटचा बहुतांश माल मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतून आला होता, आणि त्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस होतं. हे खडे ढवळायचे नाहीत, झाडायचे नाहीत, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसालाच बोलवा. दुसरी गोष्ट नॉब अँड ट्यूब वायरिंग, म्हणजे चिनी मातीच्या पांढऱ्या गुंड्यांवरून ताणलेल्या जुन्या वायर. १९४० च्या आधीच्या घरांत त्या हमखास सापडतात. त्या आजूबाजूच्या हवेने थंड राहतात, इन्सुलेशनखाली पुरल्या की तापतात. आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकी सगळं.

छपराच्या फळ्यांवर काळे डाग किंवा ओल दिसली तर ती कुठून येते हेही आधीच शोधा. गळक्या छपराखाली नवा कापूस भरला की तो स्पंज होतो.

फटी कशा शोधायच्या

जुन्या इन्सुलेशनचा थर उचलत चला आणि खालची बाजू बघा. जिथे फायबरग्लास काळपट पडलंय तिथून हवा जाते. वर्षानुवर्षं त्यातून गेलेल्या हवेतली धूळ तिथे अडकलेली असते. असा काळा डाग हाच तुमचा नकाशा. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती घेऊन फिरलात तरी धूर कुठे ओढला जातो ते कळतं, पण काळे डाग जास्त भरवशाचे.

मोठे चोर नेहमीचेच असतात. आतल्या भिंतींच्या माथ्यावरची लाकडी पट्टी आणि प्लास्टरबोर्ड यांच्यातली फट, जी प्रत्येक भिंतीच्या लांबीभर चालू असते. वायर खाली नेण्यासाठी पाडलेली भोकं. बाथरूमच्या ड्रेनचा जो पाइप छपराबाहेर जातो त्याच्याभोवतीची मोकळी जागा. आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांवरचा तो खोटा, खाली उतरवलेला छताचा भाग: आतून तो बऱ्याचदा पूर्ण पोकळ असतो आणि वर त्याला झाकणच नसतं. आमच्याकडे तिथे सुटकेस मावेल एवढा खड्डा निघाला. म्हणजे फोडणीचा वास सत्तर वर्षं अ‍ॅटिकमध्ये जात होता म्हणायचा. आमच्या आधी तिथे फोडण्या कुणी दिल्या असतील अशी शक्यता कमीच.

पाव इंचापर्यंतच्या फटीला कॉक, म्हणजे नळीतून भरायचा चिकट लेप, पुरतो. त्याहून मोठ्या, दोन-तीन इंचांपर्यंतच्या भोकांना कॅनमधला फुगणारा फोम. कपाटांवरच्या खड्ड्यासारखं मोठं तोंड असेल तर फोम बोर्डाचा किंवा प्लास्टरबोर्डाचा तुकडा कापून त्यावर बसवा आणि कडा फोमने बंद करा. फोम कपड्यांना लागला की निघत नाही, आणि हाताला लागला तर आठवडाभर लोक काय झालं म्हणून विचारतात.

चिमणीपाशी मात्र साधा फोम चालत नाही. विटांची चिमणी असो की फर्नेसचा धातूचा पाइप, तिच्याभोवतीची फट पत्र्याच्या तुकड्यांनी झाका आणि कडा जास्त तापमान सोसणाऱ्या अग्निरोधक कॉकने बंद करा. नंतर इन्सुलेशन तिला टेकू नये म्हणून भोवती पत्र्याचीच एक उभी कड करा. छतात बसवलेले जुने गोल दिवे असतील तर त्यांच्यावर ‘आयसी’ असं लिहिलंय का बघा. नसेल तर त्यांना इन्सुलेशन टेकता कामा नये, सगळीकडून तीन इंच मोकळे सोडा. त्यापेक्षा दिवाच बदलून हवाबंद एलईडी बसवणं सोपं.

या कामाला आम्हाला दोन शनिवार-रविवार लागले. फोमचे कॅन, कॉक आणि पत्रा यांचा खर्च एका मोठ्या किराणा खरेदीएवढा झाला, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

केप कॉडची खास डोकेदुखी

ज्यांचं घर सरळ एकमजली रँच आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. केप कॉडमध्ये वरची खोली छपराच्या पोटातच काढलेली असते. तिच्या दोन बाजूंना कमरेएवढ्या बुटक्या भिंती असतात आणि त्यांच्यामागे वळचणीकडे उतरत जाणारी त्रिकोणी पोकळी. त्या पोकळीत आपण दिवाळीचे आकाशकंदील आणि रिकाम्या सुटकेस ठेवतो. ती जागा बाहेरच्या हवेचीच आहे, फक्त दिसायला घरात आहे.

खरी गोम जमिनीत आहे. त्या पोकळीतले जॉईस्ट बुटक्या भिंतीखालून तसेच सरळ खोलीच्या जमिनीखाली जातात आणि त्यांच्यामधली जागा उघडी असते. जानेवारीतला वारा वळचणीतून शिरतो आणि तुमच्या बेडरूमच्या फरशीखालून वाहत जातो. भिंतीला कितीही इन्सुलेशन लावा, जमीन बर्फासारखीच राहणार.

उपाय कंटाळवाणा आहे पण अवघड नाही. बुटक्या भिंतीच्या बरोबर खाली, प्रत्येक दोन जॉईस्टमध्ये दोन इंच जाड फोम बोर्डाचा तुकडा उभा बसवा आणि चारी कडा फोमने बंद करा. आमच्या घरात असे एकूण अठ्ठेचाळीस तुकडे झाले. मग भिंतीच्या मागच्या बाजूला उभ्या लाकडांमध्ये इन्सुलेशन नीट बसवा आणि त्यावर फोम बोर्ड ठोकून सांधे टेपने बंद करा. बोर्ड घेताना अ‍ॅटिकमध्ये उघडा ठेवायला परवानगी असलेला आहे ना, हे लेबलवर वाचा. सगळे फोम बोर्ड आगीच्या दृष्टीने सारखे नसतात. पोकळीत जाणाऱ्या छोट्या दारालाही मागून बोर्ड आणि कडेने रबराची पट्टी हवी. खोलीचं तिरकं छत मात्र स्वतः भरायला जाऊ नका. तिथे हवा खेळायला जागा सोडून भरावं लागतं, ते जाणत्या माणसाचं काम.

झडप, वळचण, पंखा

अ‍ॅटिकमध्ये चढायची झडप म्हणजे बहुतेक घरांत अर्ध्या इंचाची नुसती फळी. तिच्या पाठीवर दोन-चार इंच फोम बोर्ड चिकटवा आणि ती जिथे टेकते तिथे पट्टी लावा. ओढून खाली येणारी शिडी असेल तर वरून झाकायचा तयार डबा मिळतो.

वळचणीखाली हवा आत घेणारी जाळी असते. तिथून आलेली हवा छपराच्या आतून वर जाऊन आढ्यापाशी बाहेर पडते, आणि ही वाट उघडीच राहायला हवी. ती कापसाने बुजू नये म्हणून वाशांच्या मध्ये बॅफल, म्हणजे थर्माकोलची किंवा पुठ्ठ्याची पन्हळ, स्टेपल करा. लोक गोंधळतात: इतका वेळ फटी बुजवायच्या आणि आता वारा यायला वाट ठेवायची? हो. घरातली हवा अ‍ॅटिकमध्ये जाऊ द्यायची नाही, पण अ‍ॅटिकला स्वतःचा बाहेरचा वारा हवा.

बाथरूमचा पंखा कुठे फुंकतो तेही याच वेळी बघा. जुन्या घरांत त्याचा पाइप अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेला असतो आणि अंघोळीची सगळी वाफ छपराच्या फळ्यांना बसते. तो थेट बाहेर न्या, इन्सुलेशन असलेल्या पाइपातून.

आता कापूस

इन्सुलेशनचं माप आर-व्हॅल्यू. आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी निसटते. न्यू जर्सी हवामानाच्या झोन ४ आणि ५ मध्ये येते. तिथे अ‍ॅटिकमध्ये काहीच नसेल तर एनर्जी स्टारची, म्हणजे ऊर्जा-बचतीच्या सरकारी कार्यक्रमाची, शिफारस आर-६० ची, आणि आधीचा तीन-चार इंचांचा थर असेल तर आर-४९ पर्यंत जायची. जुना थर कोरडा आणि स्वच्छ असेल तर काढायची गरज नाही.

आम्ही सेल्युलोज निवडलं. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, त्यात आगीला आणि किड्यांना रोखणारं बोरेट मिसळलेलं. इंचाला साधारण आर-३.५ मिळतो आणि वेड्यावाकड्या कोपऱ्यांत तो फायबरग्लासच्या पट्ट्यांपेक्षा छान बसतो. जुन्या तीन इंचांवर साधारण बारा इंच लागतात. काही दिवसांनी तो थोडा बसतो, म्हणून इंचांपेक्षा पिशवीवरच्या तक्त्यावर विश्वास ठेवा: तुमच्या चौरस फुटांना किती पिशव्या हे तिथे छापलेलं असतं, आणि तेवढ्या पिशव्या संपल्याच पाहिजेत. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत ठरावीक पिशव्या घेतल्या की फुंकायचं मशीन बहुधा फुकट मिळतं. एकाने खाली मशीनमध्ये पिशव्या फोडायच्या, दुसऱ्याने वर नळी धरायची. लांबच्या टोकापासून झडपेकडे येत जा. जॉईस्टला आधीच कागदी पट्ट्या ठोकून ठेवल्या की उंची कळते.

पट्ट्यांचं इन्सुलेशनच वापरायचं असेल तर जुन्या थरावर कागद लावलेली पट्टी टाकू नका. तो कागद मध्येच वाफ अडवतो. बिनकागदाची घ्या आणि जॉईस्टच्या आडवी पसरा.

खर्च आणि एक तपासणी

फटी बुजवणं आणि अ‍ॅटिक, बेसमेंट वगैरे ठिकाणी इन्सुलेशन वाढवणं यातून हीटिंग-कूलिंगच्या खर्चात सरासरी १५ टक्के बचत होते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. इन्सुलेशनवरची केंद्र सरकारची ३० टक्क्यांची कर-सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून तिचा हिशेब धरू नका. राज्यांच्या आणि वीज-गॅस कंपन्यांच्या योजना वेगळ्या असतात. तिथे बऱ्याचदा आधी ऑडिट, म्हणजे घराची ऊर्जा-तपासणी, करून घ्यावं लागतं, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच चौकशी करा. ऑडिटमध्ये दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात. तेव्हा फटी कुठे आहेत ते अगदी हाताला जाणवतं.

आणि काम झाल्यावर, घरात गॅसवरचा वॉटर हीटर किंवा चिमणीला जोडलेली जुनी फर्नेस असेल तर तिचा धूर नीट बाहेर जातोय का हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. घर घट्ट झालं की धूर उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच.

उरलेली परीक्षा फुकट आहे. पहिला मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर उभे राहून आपल्या आणि शेजाऱ्यांच्या छपरांकडे बघा. जिथे बर्फ लवकर वितळून कौलं उघडी पडतात आणि वळचणीला लांब सुळके लटकतात, तिथून घराची ऊब जातेय. आमच्या छपरावर मागच्या फेब्रुवारीत चार दिवस बर्फ तसाच होता, चिमणीजवळचा एक पट्टा सोडून. एप्रिलमध्ये त्या पट्ट्यासाठी परत वर चढायचंय.