जुनी जिप्सी घेताय? मग या चुका टाळा

मारुती जिप्सी बंद झाली तरी जपून ठेवावी अशी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, आपल्या बजेटमध्ये बसते ती अजून हीच, म्हणून मनापासून वाटतं की घेणाऱ्याने नीट बघून घ्यावी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चकचकीत रंग आणि रुंद टायर बघून लगेच टोकन देणं. जिप्सीत खरे पैसे खातो तो गंज. इंजिन उघडून बांधता येतं हो, पण चेसिस सडली की संपलं. मी पहिली घेतली तेव्हा मॅट उचललीच नाही, घरी आणून धुतली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जायला लागला, वरून लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारलेला. आता चुंबक घेऊनच जातो, जाड लांबी असेल तिथे ते धरत नाही. काचेच्या फ्रेमची खालची कड, दरवाजाखालचा पत्रा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, हे सगळं गाडीखाली झोपून टॉर्च मारून बघायचं, कोकणातली गाडी असेल तर दोनदा.

दुसरं, फोर बाय फोर न चालवताच व्यवहार करू नका. पुढच्या चाकांचे हब (चाकाच्या मधला भाग, तो फिरवून लॉक केला की चाक पुढच्या अ‍ॅक्सलला जोडलं जातं) लॉक करा, मातीत न्या, फोर बाय फोरच्या लिव्हरने आधी हाय मग लो (कमी वेग, जास्त ओढ) टाका, लो मधून लिव्हर आपोआप बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) खर्च धरूनच भाव करा. पण कोरड्या डांबरावर ही टेस्ट नको, पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि गिअरवर ताण येतो. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस-ऑइलचा चिखल दिसला तर नकलचे (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याचे) सील गेलेत. स्पीडला स्टेअरिंग थडथडत असेल तर किंगपिन बेअरिंग (त्याच सांध्यातलं, ज्यावर चाक वळतं) बघा.

मॉडेलची पण गल्लत होते. 1985 ला आलेलीत 970 सीसी इंजिन आणि चार गिअर, ती घाटात दमते. 1996 ची किंग 1300 ची, पाच गिअरवाली, आणि 2000 नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), साधारण 80 बीएचपी. रोज चालवायची तर मी शेवटचीच सुचवेन, जुनी कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग) घ्यायची तर तो नीट लावणारा मिस्त्री आधी शोधा.

कागदांत तर अजिबात घाई नको. 15 वर्षं झाली असतील तर पासिंग रिन्यू आहे का, ग्रीन टॅक्स भरलाय का, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी, आणि चेसिस नंबर स्वतः आरसीशी जुळवून बघा. डिझेल इंजिन बसवलेली असेल आणि आरसीवर पेट्रोलच लिहिलेलं असेल तर सरळ सोडा. आर्मीची म्हणून विकत असतील तर लिलावाचे कागद मागा, आणि ऑलिव्ह ग्रीन रंगाच्या मोहात पडू नका, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, पासिंगला अडतं.

सॉफ्टटॉप असेल तर हूडचे पाइप, ताडपत्री, मागची सीट सगळं जागेवर आहे का ते व्यवहाराआधी मोजून घ्या, हे सुटं शोधायला महिने जातात.