पर्किन्स अनुदानाचा स्थानिक अर्ज: मशीनचे कोटेशन मागवण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या हायस्कुलांत आणि कम्युनिटी कॉलेजांत वेल्डिंग, नर्सिंग सहायक, ऑटो रिपेअर, मेकॅट्रॉनिक्स, शेती असे जे व्यवसायशिक्षणाचे वर्ग चालतात, त्यांना केंद्र सरकारचा मुख्य पैसा येतो तो पर्किन्स कायद्याखाली. केंटकीतून अमेरिकी संसदेत निवडून गेलेले प्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांच्या नावाचा हा कायदा १९८४ चा. आज लागू आहे त्याची पाचवी आवृत्ती, ३१ जुलै २०१८ ला सही झालेली आणि १ जुलै २०१९ पासून अमलात आलेली. २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्यांच्या मूळ अनुदानासाठी सुमारे १४४ कोटी डॉलर होते. देशाचा आकार पाहता रक्कम मोठी नाही, म्हणून तिच्यावरच्या अटी नीट समजून घ्याव्यात. ज्यांच्या टेबलावर हा अर्ज येतो ते समन्वयक आणि शिक्षक, तसेच उद्योगाकडून किंवा पालकांकडून सल्लागार बैठकीला बोलावले जाणारे लोक, या सगळ्यांसाठी ही तयारी आहे. बर्गन काउंटी अकॅडमीज या निवडून प्रवेश देणाऱ्या नावाजलेल्या हायस्कुलाच्या प्रवेशासाठी मुलांना तयार करणाऱ्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की ती शाळा बर्गन काउंटी टेक्निकल स्कूल्स या टेक्निकल डिस्ट्रिक्टचीच (शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागाचीच) आहे. व्यवसायशिक्षण म्हणजे ‘मागे पडलेल्यांसाठी’ ही समजूत तिथेच गळून पडते.

सगळ्यात आधी आपल्या वाट्याचा हिशेब समजून घ्या. राज्याला मिळालेल्या रकमेतला किमान ८५ टक्के भाग खाली शाळा-कॉलेजांकडे जावा लागतो. राज्यपातळीवरच्या कामांसाठी १० टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. प्रशासनासाठी ५ टक्के किंवा अडीच लाख डॉलर, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत मुभा आहे. खाली जाणाऱ्या ८५ टक्क्यांतूनही १५ टक्क्यांपर्यंत रक्कम राज्य राखीव ठेवून ग्रामीण भागांना किंवा निकालात दरी असलेल्या ठिकाणी देऊ शकते. तुमचे राज्य तसे करते का, हे विचारून ठेवा, कारण त्याचा अर्ज बहुधा वेगळा असतो. उरलेल्या पैशाची शाळांमधली वाटणी अशी: ७० टक्के भाग डिस्ट्रिक्टमधल्या गरीब कुटुंबांतल्या ५ ते १७ वयाच्या मुलांच्या संख्येवर, ३० टक्के त्या वयाच्या एकूण मुलांवर. कॉलेजांची वाटणी मुख्यतः पेल ग्रँट (गरजू कॉलेज विद्यार्थ्यांना केंद्राची मदत) घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर होते. म्हणजे शाळेच्या वर्कशॉपमध्ये किती मुले शिकतात याचा शाळांच्या सूत्रात कुठेच संबंध नाही. नवा कोर्स काढला की अनुदान वाढेल, या भरवशावर शिक्षक नेमलेले डिस्ट्रिक्ट दुसऱ्या वर्षी अडचणीत येतात. वाटा १५,००० डॉलरच्या खाली गेला तर शाळेला, आणि ५०,००० च्या खाली गेला तर कॉलेजला, एकट्याने अर्ज करता येत नाही. शेजाऱ्यांबरोबर गट करावा लागतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाला आणि चार्टर शाळांना (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांना) यातून सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. गट करायचा असेल तर त्याची बोलणी शरद ऋतूतच सुरू करा. वसंतात सगळे आपापल्या अर्जात बुडालेले असतात.

आता मुख्य काम. कोटेशन कपाटात ठेवा आणि गरज-पाहणी हाती घ्या. पाचव्या आवृत्तीने आणलेला सगळ्यात मोठा बदल हाच: आधी गरज लिहून काढायची, मग तिच्यावरून अर्ज, आणि अर्जातून खर्च. अर्ज चार वर्षांचा असला तरी पाहणी दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. आधी मशीन ठरवून मग त्याला शोभेल अशी गरज लिहिली, की अर्ज वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळते. खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे पाहणीतल्या पानाचा क्रमांक लिहिता आला पाहिजे. ज्या ओळीपुढे तो लिहिता येत नाही ती काढून टाका.

पाहणीत काय हवे हे कायद्यातच आहे: विद्यार्थ्यांची कामगिरी, अभ्यासक्रमाचा आकार, व्याप्ती आणि दर्जा, स्थानिक नोकरीबाजाराशी मेळ, हायस्कूलपासून पुढच्या शिक्षणापर्यंत सलग आखलेल्या अभ्यासक्रमांची प्रगती, शिक्षकांची भरती आणि प्रशिक्षण, आणि सर्वांना समान प्रवेश. यांतली नोकरीबाजाराची माहिती राज्याच्या कामगार खात्याकडून आणि स्थानिक वर्कफोर्स बोर्डाकडून (नोकऱ्या आणि प्रशिक्षणाचे नियोजन करणाऱ्या मंडळाकडून) घ्या, ‘आमच्या भागात वेल्डरला मागणी आहे’ असे तोंडी लिहू नका. कामगिरीचे आकडे एकगठ्ठा चालत नाहीत. ते लिंग, वंश आणि नऊ विशेष गटांप्रमाणे फोडून हवेत. ते गट असे: अपंग, आर्थिक दुर्बल, आपल्या लिंगाच्या रूढ चौकटीबाहेरचा व्यवसाय शिकणारे, एकल पालक व एकल गर्भवती, दीर्घकाळ नोकरीबाहेर राहिलेले, इंग्रजी शिकत असलेले, बेघर, फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या पालक-कुटुंबात) असलेले किंवा वयामुळे त्यातून बाहेर पडलेले तरुण, आणि पालक सक्रिय सैन्यसेवेत असलेली मुले. शेवटच्या तीन गटांची माहिती बहुतेक वेळा वेगळ्या कार्यालयात असते. ती मिळायला आठवडे जातात, म्हणून तिची मागणी पहिल्याच आठवड्यात करा.

आकडे कुठे बिघडतात ते जवळून पाहू. हायस्कुलात ‘कॉन्सन्ट्रेटर’ म्हणजे एकाच अभ्यासक्रमातले किमान दोन कोर्स पूर्ण केलेला विद्यार्थी, आणि निकालाचे सगळे मोजमाप याच विद्यार्थ्यांवर होते. समजा, एका मुलीने वेल्डिंग १ आणि वेल्डिंग २ दोन्ही केले. पण मधल्या वर्षी वेळापत्रक लावणाऱ्याने वेल्डिंग २ चा कोड मॅन्युफॅक्चरिंगखाली टाकला. आता संगणकाच्या लेखी ती दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत एकेक कोर्स केलेली विद्यार्थिनी झाली आणि यादीतून गळली. वर्गात कॉन्सन्ट्रेटर बाराच असतील तर एक नाव गळले की टक्केवारी आठापर्यंत हलू शकते. रूढ चौकटीबाहेरच्या गटात मोजायच्या दोनच मुली असतील आणि त्यांतली एक ही असेल, तर तो सगळा निर्देशांकच (निकालाचे ते ठरलेले मोजमापच) कोलमडतो. कोणत्याही एका निर्देशांकात ठरलेल्या पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंतही पोचला नाहीत, तर सुधारणा-आराखडा लिहावा लागतो. म्हणून डिसेंबरआधी रजिस्ट्रारशेजारी बसून कोर्सकोडची यादी ओळीने तपासा. तासाभराचे काम आहे, आणि पुढची कित्येक पाने वाचवते.

बैठकीचे बोलावणे कोणाला द्यायचे हेही कायदा सांगतो: शिक्षक, समुपदेशक, प्रशासक, कॉलेजचे लोक, वर्कफोर्स बोर्ड आणि स्थानिक उद्योजक, पालक आणि विद्यार्थी, विशेष गटांचे प्रतिनिधी, बेघर, शाळाबाह्य व जोखमीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, आणि जिथे असतील तिथे आदिवासी राष्ट्रांचे प्रतिनिधी. हजेरीचा कागद, विषयपत्रिका आणि इतिवृत्त तिन्ही फाइलला लावा. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच असेल तर ते काही उपयोगाचे नाही. कोण काय म्हणाले आणि त्यामुळे काय बदलले, ते हवे. उद्योगाकडून येणाऱ्या मराठी इंजिनिअरांसाठी एक गोष्ट: तुमची कंपनी ते मशीन विकत असेल तर तपशील लिहायला बसू नका. तपशील लिहिणाऱ्या विक्रेत्याला त्या खरेदीच्या स्पर्धेतून वगळावे लागते, आणि चांगल्या हेतूने केलेली मदत शाळेच्याच अंगाशी येते.

खर्चाची रचना करताना स्थानिक प्रशासनाचा भाग ५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. ४०,००० डॉलरच्या अनुदानात तो २,००० झाला. मिडल स्कूलच्या आधीच्या वर्गांसाठी हा पैसा वापरता येत नाही. पाचवीपासून पुढे चालतो. इमारत बांधणे किंवा जागा घेणे यात बसत नाही. आणि जास्तीत जास्त आक्षेप जिथे निघतात ती अट अशी, की हा पैसा स्थानिक पैशाला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. गेल्या वर्षी डिस्ट्रिक्टने स्वतःच्या पैशातून दिलेला पगार यंदा पर्किन्सवर टाकला, की तो बदली खर्च धरला जातो. स्थानिक पैसा आटला म्हणून तसे करावे लागले असेल, तर ठरावाची प्रत आणि दोन्ही वर्षांचे बजेट आधीच जोडा. नंतर जमवलेला पुरावा सहसा मान्य होत नाही. पगाराचा काही भागच या अनुदानातून जात असेल तर त्या शिक्षकाच्या सगळ्या वेळेची नोंद हवी, फक्त पर्किन्सच्या तासांची नाही.

मशीनकडे आता या. सीएनसी मिल (संगणकावर चालणारे धातू कापण्याचे मशीन) घ्यायची असेल तर किमतीच्या आधी पाच गोष्टी मोजा: दाराची रुंदी, जमिनीची भार पेलण्याची ताकद, थ्री-फेज वीज आहे का, कॉम्प्रेस्ड हवेची लाइन कुठपर्यंत आली आहे, आणि ते चालवायला शिकवणार कोण. एकफेजी वीज असलेल्या खोलीत थ्री-फेज मशीन येऊन पडले, की ते वर्षभर लाकडी खोक्यातच राहते. वायरिंगचा खर्च अनुदानात बसतो का, हे राज्याला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. टूल होल्डर, कटर, कूलंट, सॉफ्टवेअरचा परवाना, प्रशिक्षणाचे दिवस, वाहतूक आणि उतरवणीचे भाडे हे सगळे त्याच कोटेशनमध्ये मागा. १५,००० डॉलरपर्यंतची (सप्टेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा १०,००० होती) किरकोळ खरेदी वाजवी भावात एका कोटेशनवर करता येते. त्यावर अनेक कोटेशने लागतात. राज्याचा नियम कडक असेल तर तोच पाळायचा. एकच खरेदी दोन पर्चेस ऑर्डरमध्ये फोडून मर्यादेखाली बसवू नका, तपासणी करणारे सलग क्रमांकांच्या ऑर्डरी सगळ्यात आधी बघतात.

मशीन आले की डेडस्टॉक रजिस्टर. वस्तूचे वर्णन, सिरियल नंबर, पैशाचा स्रोत, मालकी कोणाची, घेतल्याची तारीख, किंमत, त्यात केंद्राचा वाटा किती टक्के, ठेवल्याची खोली, वापर आणि अवस्था, आणि शेवटी विल्हेवाट लागली तर तिची तारीख आणि किंमत, एवढे रकाने हवेतच. दोन वर्षांतून किमान एकदा वस्तू डोळ्यांनी पाहून मेळ घालावा लागतो. केंद्राच्या नियमांत ‘उपकरण’ म्हणण्याची मर्यादा १ ऑक्टोबर २०२४ पासून ५,००० वरून १०,००० डॉलर झाली आहे. पण लॅपटॉप, वेल्डिंग हेल्मेट, रक्तदाब मोजण्याची यंत्रे अशा हातोहात जाणाऱ्या वस्तूंची नोंद तरीही ठेवा. खोली बदलली की त्याच दिवशी रकाना बदला. पूर्ण भरलेल्या रजिस्टरात एक यंत्र भलत्याच खोलीत सापडले, की सगळ्या रजिस्टरावरचा विश्वास जातो.

पैसा कधी येतो याचेही गणित आहे. केंद्राची रक्कम दोन भागांत मोकळी होते, एक १ जुलैला आणि दुसरा, मोठा भाग, १ ऑक्टोबरला. म्हणून मोठी खरेदी पहिल्याच महिन्यात लावताना रोकड किती आहे ते हिशेबनिसाला विचारा. आपल्याकडचा मार्चएंड तिकडे जूनएंड असतो. वर्षात न खर्चलेली स्थानिक रक्कम राज्याकडे परत जाते, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. मार्चअखेर उरलेल्या रकमेचा आढावा घ्या, एप्रिलमध्ये बदललेले बजेट मंजूर करून घ्या आणि माल जूनच्या आत वर्कशॉपमध्ये आलेला असू द्या. जूनमध्ये घाईने घेतलेले साहित्य त्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडत नाही, आणि तपासणीत प्रश्न नेमका तोच येतो.

कम्युनिटी कॉलेजांनी आणखी एक तारीख नोंदवावी: किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांच्या छोट्या कोर्सांसाठी पेलची मदत १ जुलै २०२६ पासून, २०२५ च्या कायद्याने. त्यासाठी कोर्स पूर्ण करण्याचे आणि नोकरीला लागण्याचे प्रमाण प्रत्येकी किमान ७० टक्के दाखवावे लागते, म्हणून छोट्या कोर्सांचे आकडे आतापासून वेगळे काढा.

मे महिन्यात एक काम विसरू नका. हायस्कूल संपवलेले कॉन्सन्ट्रेटर त्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, शिक्षणात, नोकरीत, सैन्यात की राष्ट्रीय सेवेत आहेत, हे सांगावे लागते. शाळेने दिलेला ईमेल उन्हाळ्यात बंद होतो. तेव्हा निरोपाच्या आठवड्यात प्रत्येकाकडून स्वतःचा फोन नंबर, खासगी ईमेल आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर कागदावर लिहून घ्या, आणि ऑक्टोबरमध्ये फोन कोण करणार त्याचे नाव त्याच कागदाच्या वर लिहा.