कोल्हापुरात पॉमवर पीएचडी सुरू करताय? आधी केओएचची बाटली बाजूला ठेवा

शिवाजी विद्यापीठातून किंवा आसपासच्या कॉलेजांतून एमएस्सी करून आलेल्या बऱ्याच जणांचा हात चार्ज साठवणाऱ्या इलेक्ट्रोडच्या थिन फिल्मवर बसलेला असतो. सिलार नाहीतर केमिकल बाथ (द्रावणात बुडवून थर चढवायच्या पद्धती), स्टीलची पट्टी किंवा निकेल फोम, १ मोलार केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली), की लावली सीव्ही (व्होल्टेज फिरवत करंट मोजायची चाचणी). निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडला हे सगळं चालतं. पॉलिऑक्सोमेटलेट (धातू आणि ऑक्सिजनचे मोठे रेणू), म्हणजे लॅबच्या बोलीत पॉम, हाती आलं की यातलं जवळपास काहीच चालत नाही.

कारण साधं आहे. फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल या पॉमच्या रेणूत मधोमध एक फॉस्फेट, त्याभोवती मॉलिब्डेनमचे १२ अणू आणि एकूण ४० ऑक्सिजन असतात. हा केगिन नावाचा सांगाडा जेमतेम १ नॅनोमीटरचा. तो आम्लात टिकतो, अल्कलीत मोडतो. पिवळ्या द्रावणात केओएच टाकून बघा, रंग उडालेला दिसेल. राहतात ते सुटे मॉलिब्डेट आणि फॉस्फेट. तरीही निकेल फोमवर पॉम लावून केओएचमध्ये सीव्ही घेतली तर देखणे पीक (ग्राफमधले उंचवटे) येतात. ते निकेल हायड्रॉक्साइडचे असतात. असे आकडे छापूनही येतात, म्हणून कोणताही पेपर वाचताना आधी इलेक्ट्रोलाइट आणि करंट कलेक्टर (माल ज्यावर लावतात ती पट्टी, फोम किंवा कापड) बघायची सवय लावा.

तेव्हा इलेक्ट्रोलाइट ०.५ किंवा १ मोलार सल्फ्युरिक आम्ल. निकेल फोम त्यात विरघळतो आणि स्टीलचाही भरवसा नाही, म्हणून कार्बन क्लॉथ किंवा ग्रॅफाइट वापरा. पॉमला स्टीलचा चमचाही लावू नका: लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देतं आणि पिवळी पूड निळी-हिरवी पडते. बाटली उजेडापासून लांब ठेवा. ऑरगॅनिकवाल्यांच्या टीएलसी स्टेनची (टीएलसी पट्टीवरचे डाग दिसावेत म्हणून लावायच्या द्रवाची) बाटली जुनी झाली की हिरवी होते, तिच्यात हेच आम्ल असतं.

दुसरी अडचण म्हणजे पॉम पाण्यात सहज विरघळतं. नुसतं इलेक्ट्रोडवर लावलं तर सायकलिंगच्या सुरुवातीलाच निम्मा माल द्रावणात जातो. त्याला कार्बनच्या छिद्रांत अडकवावं लागतं. सुरुवातीला एवढं करा: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १० मिलीमोलार फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल, त्यात १ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन. सोनिकेट करून २४ तास ठेवा, गाळा, धुवा, ८० अंशाला व्हॅक्यूममध्ये वाळवा. निर्जल धरलं तर आम्ल १.८३ ग्रॅम लागतं, पण बाटलीतली पूड निर्जल नसते. वजनाच्या १० ते २० टक्के पाणीच असू शकतं, आणि कोल्हापूरच्या जुलैत उघडी राहिलेली बाटली आणखी पाणी ओढते. टीजीए (तापवत वजनातली घट मोजायची चाचणी) करून पाणी किती ते काढा आणि बाटलीवर तारखेसह लिहून ठेवा.

धुणं कधी थांबवायचं? गाळलेलं पाणी पिवळं दिसेनासं झालं एवढ्यावर विसंबू नका. ते थोडं परीक्षानळीत घ्या, दोन थेंब सल्फ्युरिक आम्ल आणि चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल टाका. निळसर झाक आली तर पॉम अजून सुटतंय. सायकलिंगनंतरच्या इलेक्ट्रोलाइटवरही हीच चाचणी घ्या. स्थिरतेचा दावा करायचा तर हा पुरावा ग्राफपेक्षा जास्त कामाचा.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) पीक आले नाहीत म्हणून घाबरू नका. पॉम रेणू-रेणूने पसरलं असेल तर पीक येतच नाहीत. टोकदार पीक आले तर उलट चौकशी करा, स्फटिकांचे ढेकूळ झालेत. सांगाडा शाबूत आहे का ते एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट) सांगतं: १०६४, ९६०, ८७० आणि ७९० cm⁻¹ च्या आसपास चार पट्टे, कार्बनवर बसल्यावर थोडे सरकलेले.

रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) आम्लात चालणारा घ्या, सिल्व्हर क्लोराइड किंवा मर्क्युरस सल्फेट. अल्कलीसाठीचा मर्क्युरिक ऑक्साइडवाला इथे नको. द्रावणात विरघळलेल्या पॉमची सीव्ही घेत असाल तर आणखी एक गोम आहे: रेफरन्समधलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, पॉमचा पोटॅशियम क्षार विरघळत नाही, आणि फ्रिटच्या (रेफरन्सच्या सच्छिद्र बुचाच्या) टोकाशी पिवळा गाळ साचून रीडिंग भरकटतं. डबल जंक्शन, म्हणजे मध्ये दुसऱ्या द्रावणाचा कप्पा असलेला रेफरन्स, वापरा.

सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ० ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान पीकच्या तीन जोड्या दिसायला हव्यात, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉनची. हिशेब इथूनच करा: सहा इलेक्ट्रॉन गुणिले ९६४८५, भागिले १८२५, म्हणजे ग्रॅमला ३१७ कूलॉम, किंवा ८८ मिलीॲम्पिअर-तास. निव्वळ पॉमच्या नावावर याहून जास्त दाखवत असाल तर वजनात किंवा ब्लँकमध्ये (माल न लावता घेतलेल्या मोजणीत) घोळ आहे. टंगस्टनचं भावंड, म्हणजे फॉस्फोटंगस्टिक आम्ल, वजनाने जड, चार इलेक्ट्रॉन धरले तर १३४ कूलॉमच. पण ते ऋण बाजूला काम करतं, म्हणून असिमेट्रिक सेलमध्ये (दोन बाजूंना वेगवेगळे इलेक्ट्रोड असलेल्या) ऋण इलेक्ट्रोडला बसतं.

ब्लँकचं सांगायलाच हवं. कार्बन क्लॉथ चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, त्यावर तुमचा माल १-२ मिलिग्रॅम. नायट्रिक आम्लात ट्रीट केलेलं कापड स्वतःही चार्ज साठवतं. तेच कापड, तीच व्होल्टेज विंडो, माल न लावता एकदा चालवा आणि वजा करा. आणि पीक असलेल्या पदार्थाला ग्रॅमला फॅरड लिहू नका, कूलॉम लिहा. रेफरी हल्ली इथेच अडवतात.

सायकलिंगचं गणित आधी मांडा. चार्ज-डिस्चार्ज मिळून २०० सेकंद लागत असतील तर ५००० सायकल म्हणजे साडेअकरा दिवस. पावसाळ्यात लाईट तेवढे दिवस सलग राहील असं धरू नका. पोटेन्शिओस्टॅट (या चाचण्या घेणारं यंत्र) आणि पीसी दोन्ही यूपीएसवर हवेत, आणि डेटा दर ५०० सायकलला वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह व्हायला हवा.

पैशांचं: नेट-जेआरएफला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. पुढे बॅटरी कंपनीत जायचा विचार असेल तर पॉमचं नाव तिथे फारसं कामी येत नाही. ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) कॉइन सेल भरता येणं आणि ईआयएसचं (इम्पिडन्स मोजणीचं) फिटिंग समजून करता येणं कामी येतं. तुमच्या लॅबला ग्लोव्हबॉक्स नसेल तर दुसऱ्याच वर्षी गाईडना सांगून जिथे आहे तिथे महिनाभर जाऊन या. शेवटच्या वर्षी थीसिसमधून डोकं वर काढायला सवड मिळत नाही.