मोठी थ्रीडी लट बनवण्याआधी कॉम्प्युटर कसा तपासावा

डिस्प्ले कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे पडद्याचे रंग मोजून अचूक करण्यासाठी, मोठी लट बनवायची ठरली की बहुतेकजण आधी ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतात. लट तयार करताना त्या कार्डाला फारसं कामच नसतं. ते मोजणीचे रंग पडद्यावर दाखवतं, आणि तयार झालेली लट पुढे व्हिडिओवर लावतं. हिशेब मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम करतात.

(केसांच्या बटेशी या लटीचा संबंध नाही. 'लुक-अप टेबल'चं हे बोलीतलं छोटं नाव. काम पाठ केलेल्या पाढ्यासारखं: दर वेळी गुणाकार करायचा नाही, उत्तर थेट उचलायचं. इथे उत्तर म्हणजे, कोणत्या रंगासाठी पडद्याला कोणता सिग्नल द्यायचा ते.)

१. आधी आकार ठरवा

लाल, हिरवा, निळा या तीन दिशांना सारख्या अंतरावर बिंदू मांडले की रंगांची घनाकार जाळी होते. म्हणून बाजू वाढली की बिंदू घनाच्या हिशेबानं वाढतात. १७ ची जाळी म्हणजे ४,९१३ बिंदू, ३३ ची ३५,९३७, ६५ ची २,७४,६२५. २५६ ची धरली तर १,६७,७७,२१६. बाजू साधारण दुप्पट केली की काम जवळपास आठपट.

लट जिथे बसणार आहे त्या मॉनिटरला, लट-बॉक्सला (व्हिडिओच्या वाटेत बसून लट लावणारा डबा) किंवा प्लेअरला कोणता आकार चालतो ते बघा आणि तेवढाच घ्या. मॅडव्हीआरसारख्या, प्लेअरसोबत चालून व्हिडिओ पडद्यावर रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला २५६ ची फाईल लागते. दर बिंदूच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्याला प्रत्येकी १६ बिट धरले तर ती सुमारे ९६ एमबीची होते. बऱ्याच उपकरणांना १७ किंवा ३३ पुरते. मधले रंग उपकरण शेजारच्या बिंदूंवरून काढतंच.

२. रॅम कशाला लागते ते समजून घ्या

६५ ची लट मेमरीत मांडली तर दर बिंदूला ८ बाइटचे तीन आकडे, म्हणजे सगळी मिळून साडेसहा एमबीच्या आसपास. मग गिगाबाइट कुठे जातात? उलट्या शोधात.

मोजणीतून जी प्रोफाइल बनते ती सांगते, 'हे सिग्नल दिले तर पडद्यावर हा रंग दिसतो.' आपल्याला हवं असतं उलटं: 'हा रंग दिसायला हवा, तर सिग्नल कोणते देऊ?' याचं सरळ सूत्र नसतं. प्रत्येक बिंदूसाठी प्रोफाइलमध्ये शोधाशोध करावी लागते. रंग पडद्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर त्याच्या सर्वांत जवळचा, पडद्याला जमणारा रंग हुडकावा लागतो, आणि खरा घाम तिथेच निघतो. आर्गिल सीएमएससारखी रंग सांभाळणारी सॉफ्टवेअर साधनं हा शोध वेगानं व्हावा म्हणून मधली माहिती रॅममध्ये साठवून ठेवतात. जागा कमी पडली की तीच माहिती पुन्हा पुन्हा काढत बसावं लागतं.

माझ्या मते ८ जीबी ही किमान पायरी, १६ जीबीत निवांत काम होतं. सिस्टीम आणि सॉफ्टवेअर दोन्ही ६४ बिटचंच घ्या. ३२ बिटच्या प्रोग्रामला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी दिसतच नाही, मशीनमध्ये कितीही असो.

३. एका कोअरचा वेग बघा

हिशेब चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. आठ धाग्यांच्या (थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर वापर १२-१३ टक्क्यांवर अडकला असेल तर काम एकाच कोअरवर चाललंय. तसं असेल तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन फरक पडणार नाही. एका कोअरचा वेग कामी येईल. प्रोसेसर थंड, रॅम काठोकाठ आणि डिस्क मात्र सतत राबतेय, असं दिसलं तर रॅम अपुरी आहे.

४. वेळेचा अंदाज काढा

१७ आणि ३३ अशा दोन लटी बनवा आणि घड्याळ लावा. समजा पहिलीला २ मिनिटं लागली, दुसरीला ५. म्हणजे जादा ३१,०२४ बिंदूंना ३ मिनिटं. याच दरानं ६५ च्या लटीला साधारण २८ मिनिटं लागतील, आणि २५६ चा प्रत्येक बिंदू स्वतंत्र काढायचा म्हटलं तर २७ तास! म्हणून ६५ च्या जाळीवर हिशेब करून २५६ ची फाईल भरण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर बिनधास्त तीच वापरा.

नुसता १७ चा वेळ पटीत वाढवू नका. सुरुवातीच्या तयारीचा वेळ आकाराबरोबर फारसा वाढत नाही, त्यामुळे अंदाज फुगतो.

५. मोजणीची तयारी

इथे कॉम्प्युटर कितीही वेगवान असला तरी गती मीटरचीच, म्हणजे पडद्यावरचा रंग मोजणाऱ्या यंत्राची. एका पॅचला, म्हणजे मोजायला दाखवलेल्या एका रंगाला, ३ सेकंद धरले तर १,००० पॅचना ५० मिनिटं. गडद रंगांना त्याहून जास्त. तेव्हा मोजणीला जुना लॅपटॉपही चालतो. मोजणीची फाईल जपून ठेवा, ती वेगवान मशीनवर नेऊन लट तिथे बनवता येते.

मशीन चार्जरला जोडा. स्लीप, स्क्रीनसेव्हर, नाइट लाइट, आपोआप बदलणारा ब्राइटनेस, सगळं बंद. मी एकदा फक्त स्लीप विसरलो होतो. सकाळी पडदा काळा आणि मोजणी अर्ध्यावर. मीटर थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावा आणि पडदा अर्धा तास तापू द्या. सिग्नलची पातळी, ० ते २५५ किंवा १६ ते २३५, मोजताना जी असेल तीच पुढे वापरतानाही ठेवा.

पॅच दोनशेच मोजले असतील तर ६५ च्या हट्टाला अर्थ नाही. पावणेतीन लाख बिंदू त्या दोनशे मोजण्यांवरूनच काढले जाणार. रात्रभर मशीन चालवायचंच असेल तर आधी पॅच वाढवा.

६. लट लावून तपासा

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी पट्टा उघडा. त्यात पायऱ्या किंवा रंगाची झाक दिसते का बघा. मग लट चालू ठेवून थोडे पॅच पुन्हा मोजा. ३३ आणि ६५ च्या लटीतला फरक मीटरलाही पकडता आला नाही, तर ३३ चीच ठेवा.