जुनी चेनसॉ घेताय? आधी सायलेन्सर उघडून बघा, बारचं मग ठरवा

हरभरा-ज्वारी निघाली की पावसाळ्यापर्यंत बांधावरची कामं निघतात. वाळलेली मोसंबी काढायची, पिकावर सावली धरणारी बाभूळ छाटायची, वावधानात मोडलेला लिंब आवरायचा. कुऱ्हाडीला मजूर मिळत नाही आणि भाड्याचा मशीनवाला ऐन हंगामात फोन उचलत नाही. म्हणून याच दिवसांत ५० ते ६० सीसीच्या जुन्या चेनसॉची, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची, विचारपूस वाढते. घ्यायला हरकत नाही, सुटे भाग बहुतेक ठिकाणी मिळतात. फक्त रंग आणि लांबलचक बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) बघून भाव ठरवू नका.

मशीन थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या, निवू द्या. स्विच बंद ठेवून स्टार्टरच्या मुठीला मशीन लटकवा. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, चांगलं असेल तर ती अडत अडत, झटके घेत खाली येते. सरळ घसरली तर समजा पिस्टनच्या रिंगा गेल्या. दाब मोजायचं मीटर असेल तर १५० पीएसआयच्या आसपास उत्तम, १२० च्या खाली नको.

त्यानंतर सायलेन्सरचे नट सोडा. विकणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या. आतल्या छिद्रातून टॉर्च मारला की पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर पुढचं बोलणं करा. उभे ओरखडे दिसले तर मशीन पेट्रोलमध्ये कमी ऑइल घालून चालली आहे किंवा कुठून तरी जादा हवा ओढते आहे. अशा वेळी ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करा. नुसतं ब्लॉक-पिस्टन बदलून मात्र भागत नाही. ऑइल सील गळत असेल तर नवा पिस्टनही तसाच चिकटतो.

इंजिन ठीक निघालं तर बाकीचं काम स्वस्तातलं आहे. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, प्लग आणि कार्बोरेटरचा डायफ्राम किट सरळ नवे टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं किंवा तडकतं आणि उभ्या मशीनमध्ये ओलही धरते. एअर फिल्टर धुवा, प्लगची फट ०.५ मिलिमीटर ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल चांगलं असेल तर लिटरला २० मिली म्हणजे १:५०; तुमच्या मशीनवर १:२५ लिहिलं असेल तर ४० मिली. चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक पकडत नसेल तर तो दुरुस्त झाल्याशिवाय मशीन झाडाला लावायची नाही.

आता बार. आपल्याकडे ५८ सीसीच्या मशीनला २२ इंची बार लावून देतात, कारण दुकानात तो रुबाबदार दिसतो. सुक्या बाभळीत तोच बार पूर्ण रुतला की मशीन दबते, क्लच तापतो, टोकापर्यंत तेल पोचत नाही आणि बार निळा पडतो. एका बैलावर नांगर ओढवल्यासारखं होतं ते. मोसंबी, सुबाभूळ आणि फांद्यांना १६ इंच पुरे. बाभूळ-लिंबाच्या खोडांसाठी १८ इंच घ्या. २० इंच मऊ लाकडाला चालेल. खोड बारपेक्षा जाड असलं तरी दोन्ही बाजूंनी कापता येतं. वीस वर्षांतून एकदा पडणाऱ्या चिंचेसाठी रोज लांब बार वागवण्यात अर्थ नाही.

बार बदलला की चेनही बदलते. बारच्या मागच्या टोकाशी पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि आतल्या कड्यांची संख्या कोरलेली असते. तो आकडा दुकानदाराला दाखवा, नुसतं ‘अठराची चेन द्या’ म्हणू नका. पिच स्प्रॉकेटशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी, जुळला पाहिजे, बोल्टची खाचही तीच हवी. जुनाच बार ठेवणार असाल तर चेन चढवून आडवी हलवून बघा. ती तिरकी पडली तर खाच झिजली आहे.

०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. भुसा बारीक पिठासारखा पडू लागला की दात बोथटले; जोर लावू नका, कानस लावा. काळ्या मातीने माखलेला बुंधा आणि खोडात गेलेली काटेरी तार यांनी नवी चेनही दोन मिनिटांत जाते, म्हणून बुंधा आधी झाडून घ्या. टाकी भरताना दर वेळी चेनचं तेलही भरा. जळकं ऑइल नको, त्यातली धातूची कीस तेलपंप खाते.

गळ्यातला रुमाल-उपरणं काढून ठेवा, बूट घाला. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन अंगावर उसळते; खांद्याच्या वर उचलून किंवा शिडीवरून चालवूच नका. विजेच्या तारेजवळची फांदी महावितरणला कळवून लाइन बंद केल्यावरच. तापलेल्या मशीनमध्ये, वाळल्या गवतात उभं राहून पेट्रोल ओतू नका.

आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते. बाभळीचं लाकूड गाडीत भरण्याआधीही वनविभागात विचारून घ्या.

मृगाआधी काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बार काढा, खाचेतला भुसा तारेने कोरा, आणि पुढच्या वेळी तो उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.