सीमेवरच्या जवानाला गोव्यातून पार्सल पाठवताना

सैन्यातल्या माणसाला घरून पार्सल पाठवायचे म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेल्या ठिकाणी वस्तू पाठवायची असते, आणि या कामात होणाऱ्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात. फोंड्याहून किंवा पेडण्याहून निघालेला डबा लडाखच्या थंडीत उघडला जाईल, राजस्थानच्या वाळूत की अरुणाचलच्या पावसात, हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि ते कळू नये अशीच व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. म्हणून पार्सल भरताना ते सर्वांत अवघड जागी जाणार आहे असे धरून चालावे. सोप्या जागी पोहोचले तर नुकसान काहीच नाही.

पत्ता

लष्करातल्या जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, पलटणीचे नाव, त्याखाली ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ‘केअर ऑफ ९९ एपीओ’ आणि शेवटी ९ या अंकाने सुरू होणारा सहा अंकी पिनकोड, एवढाच तो असतो. ५६ एपीओची डाक दिल्लीच्या आणि ९९ एपीओची डाक कोलकात्याच्या तळ टपाल कार्यालयात जमा होते, आणि तिथून पुढे लष्कराची डाकसेवा ती फील्ड पोस्ट ऑफिसात व तिथून पलटणीत पोहोचवते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या जागी येणाऱ्या अंकांपैकी १ ते ८ देशाच्या भूभागाला आणि ९ लष्करी डाकेला देण्यात आला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवी होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

पिनकोडातला एक अंक चुकला तर पार्सल भलत्याच पलटणीच्या वाटेला लागते, कारण चूक दाखवून देणारे गावाचे नाव पत्त्यावर नसते. त्यामुळे पत्ता फोनवर ऐकून लिहिण्यापेक्षा जवानाकडून लिहून मागवावा आणि अंक न् अंक ताडून पाहावा. काही घरांत काळजीपोटी पत्त्याखाली ‘लेह’ किंवा ‘कुपवाडा’ असे लिहिले जाते. तसे कधीही लिहू नये. त्याने पलटणीचे ठिकाण उघड होते, आणि पार्सल लष्करी डाकेऐवजी त्या गावाच्या नागरी टपालात जाण्याचा धोकाही असतो. याच कारणासाठी पत्ता लिहिलेल्या पार्सलाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सअॅपच्या गटांत किंवा फेसबुकवर टाकू नये; २०२० साली लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्राम यांसह ८९ अॅप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितले होते, ही गोष्ट घरच्यांनीही मनावर घ्यायला हवी.

पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पाण्याने न पुसणाऱ्या मार्करने लिहावा. पाठवणाऱ्याचा ४०३ ने सुरू होणारा गोव्यातला पत्ता आणि मोबाइल क्रमांक दुसऱ्या बाजूला स्पष्ट असावा, कारण जवानाची बदली झाली असेल तर पार्सल परत येण्याचा तोच मार्ग असतो. दोन्ही पत्ते लिहिलेली एक चिठ्ठी डब्याच्या आतही ठेवावी.

एपीओच्या पत्त्यासाठी टपाल कार्यालयाचीच वाट धरावी, कारण शेवटचा टप्पा लष्करी डाकेच्या हाती असल्याने खासगी कुरिअर तिथपर्यंत जात नाही. पूर्वीची रजिस्टर्ड पोस्ट सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे जुन्या नावाने मागणी करण्यापेक्षा खिडकीवर पिनकोड दाखवून या पत्त्यासाठी कोणती पार्सल सेवा घेतली जाते ते विचारावे, आणि पावती जपून ठेवावी. पार्सल लष्करी डाकेच्या हवाली झाल्यावर ट्रॅकिंगमध्ये पुढची हालचाल बऱ्याचदा दिसत नाही. आठवडाभर काही दिसले नाही म्हणून घाबरून जवानाला रोज विचारू नये.

खाऊ

पायदळाच्या एका सेक्शनमध्ये साधारण दहा जवान असतात, आणि घरून आलेला डबा त्या दहा जणांसमोर उघडला जातो. एकट्या मुलासाठी केलेले अर्धा किलो लाडू पहिल्या पाच मिनिटांत संपतात, आणि त्याच्या वाट्याला एखादा आला तरी पुष्कळ. त्यामुळे एकाच पदार्थाचे भरपूर नग पाठवणे हे दहा पदार्थ थोडे थोडे पाठवण्यापेक्षा बरे. त्या दहांत कोणी पंजाबचा, कोणी तामिळनाडूचा, कोणी शाकाहारी असू शकतो, हेही लक्षात असू द्यावे. सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक कोळंबी) घरच्या माणसाला कितीही आवडत असले, तरी त्यांचा वास पार्सलमधल्या प्रत्येक वस्तूला लागतो आणि वाटेत इतरांच्या डाकेलाही लागतो. ते रजेवर आल्यावर घरीच खाऊ घालावेत.

गोव्यातल्या पदार्थांत प्रवासाला सर्वांत भरवशाचे म्हणजे खाजे. बेसनाच्या तळलेल्या काड्या आले आणि तीळ घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या असल्याने त्यांत ओलावा जवळजवळ नसतो, त्या फुटत नाहीत, आणि डबा आपटला तरी त्यांचा भुगा होत नाही. आता तर गोव्याच्या खाजांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा अन्य कुठल्याही जत्रेत ते ताजे मिळतात, पण घेताना एक काडी मोडून पाहावी. कट् असा आवाज आला तर ती टिकेल. नुसती वाकली तर हवा लागलेली आहे असे समजून दुसऱ्या दुकानाकडे वळावे.

चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवायच्या असतील तर ओल्या नारळाचे सारण चालणार नाही. रवा, सुके खोबरे, तीळ आणि पिठीसाखर यांचे कोरडे सारण करावे, नेवऱ्या मंद आचेवर खुसखुशीत होईपर्यंत तळाव्यात आणि रात्रभर कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्याव्यात. कोमट नेवरी डब्यात बंद केली की तिची वाफ आतच राहते, आणि मग सगळा डबा मऊ पडून त्याला खवट वास येतो. चकली, शंकरपाळे आणि शेवेचे लाडू यांनाही हाच नियम लागू आहे. बेबिंका आणि दोदोल यांचा मोह मात्र आवरावा, कारण नारळाचा रस घातलेला पदार्थ तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात टिकेल असा भरवसा धरता येत नाही.

काजू भाजलेले आणि निर्वात पाकिटात बंद केलेले घ्यावेत. आमसुले पाठवायला तर मुळीच विसरू नये. त्यांना वजन नसते, ती बिघडत नाहीत, आणि पलटणीच्या लंगरमधल्या रोजच्या डाळीत दोन आमसुले पडली तरी घरची चव येते. तिरफळे आणि घरचा कोरडा मसाला यांचेही तसेच आहे.

उंचीवर डब्याचे काय होते

गोवा समुद्रसपाटीला आहे आणि लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि चौक्या त्याहूनही उंच असतात. आपल्याकडे हवाबंद केलेल्या पाकिटातली हवा तिथे फुगते. वेफर्सचे पाकीट फुग्यासारखे ताठ होते आणि फुटूही शकते, आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट असले तरी आतली हवा तेल बाहेर ढकलते. ते तेल पत्रांवर, लोकरीच्या मोज्यांवर, सगळीकडे पसरते. म्हणून हवा भरलेली पाकिटे टाळावीत. लोणच्याऐवजी सुकी चटणी, भाजलेल्या तिळाची किंवा सुक्या खोबऱ्याची, दुहेरी पिशवीत हवा दाबून काढून द्यावी. काचेची बरणी तर कुठल्याच पार्सलात नको. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, तेव्हा थंडीत ते बाटलीतून निघतच नाही. उलट चॉकलेट वाळवंटाच्या उन्हाळ्यात वितळते, पण बर्फात चालते. ते पाठवायचेच असेल तर थंडीच्या दिवसांत पाठवावे.

खाण्याखेरीज ओठांचे मलम, व्हॅसलीन, सुती मोजे, रुमाल, नेलकटर, घडीचा लुडो, पत्त्यांचा कॅट, छोटी वही आणि पेन या वस्तू कुठेही उपयोगी पडतात. जवानाला स्वतःचे सामान पाठीवर न्यावे लागते, तेव्हा मोठी वस्तू न विचारता पाठवू नये. औषधे आणि शक्तिवर्धक पावडरीही त्याने मागितल्याशिवाय नकोत.

काडेपेटी, लायटर, फवाऱ्याचे डिओडरंट, अत्तर आणि पॉवर बँक पार्सलात घालू नयेत, कारण ज्वालाग्राही पदार्थ आणि अशा बॅटऱ्या टपालाला चालत नाहीत. पेनड्राइव्हही नको, लष्करी आवारात बाहेरून आलेल्या अशा साधनांकडे संशयाने पाहिले जाते आणि अडचण जवानाला होते. गोव्याचे म्हणून फेणीची बाटली पाठवण्याची इच्छा अनेकांना होते. फेणी ज्वालाग्राही आहे, बाटली काचेची आहे आणि मद्य राज्याबाहेर नेण्यावर अबकारी निर्बंध आहेत, तेव्हा ती टपालाने पाठवू नये. रोख रकमेसाठी बँक आहे.

पत्र आणि छायाचित्रे

पार्सलातली सर्वांत हलकी आणि सर्वांत जास्त दिवस टिकणारी वस्तू म्हणजे हाताने लिहिलेले पत्र. ते डब्यात सर्वांत वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. प्रत्येक पत्रावर तारखेबरोबर क्रमांकही घालावा, कारण दोन आठवड्यांच्या अंतराने पाठवलेली पत्रे एकाच दिवशी किंवा उलट क्रमाने मिळू शकतात. पत्रात तो कुठे आहे, कधी हलणार आहे, असे काही विचारू नये. घरचे मात्र सगळे लिहावे: शेत कसे आले, कोणाच्या घरी यंदा गणपती किती दिवसांचा होता, वाड्यावर कोणाचे लग्न ठरले. ज्या बातमीवर त्याला लगेच काही विचारावेसे वाटेल, जसे आईचे आजारपण, ती मात्र फोनवरच सांगावी, कारण पत्र वाचल्यावर त्याला कित्येक दिवस उत्तर मिळणार नाही.

जिथे मोबाइलचे जाळे मिळत नाही तिथे छापील छायाचित्रे हवीत. गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून बांधलेली माटोळी, तिच्यातली फळे ओळखू येतील इतक्या जवळून काढलेली, आणि तिच्याखाली उभे असलेले घरातले सगळे, असे एक छायाचित्र दहा मजकुरांच्या तोडीचे असते. त्याच्या मागे प्रत्येकाचे नाव लिहावे. सोबत्यांना दाखवताना ते उपयोगी पडते. एखादा दिवाळी अंकही घालावा.

बांधणी आणि वेळ

दोन-तीन किलोंचे लहान खोके मोठ्या खोक्यापेक्षा चांगले. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत पुठ्ठा पहिल्याच दिवशी नरम होतो, म्हणून आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि बाहेरून मांजरपाटाचे शिवलेले आवरण, ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे. मोकळ्या जागेत गोव्यातली मराठी वर्तमानपत्रे चुरगळून भरावीत. ती उलगडून वाचली जातात, हे अनेक जवानांच्या घरी ऐकायला मिळते. खोके कानाशी धरून हलवावे. आत काही वाजले तर अजून कागद हवा. खिडकीवर आत काय आहे ते सांगावे लागेल, कदाचित उघडून दाखवावेही लागेल, म्हणून चिकटपट्टीचा रोल बरोबर न्यावा.

नेहमीच्या दिवसांत तीन-चार आठवडे धरून चालावे. झोजिला घाटाचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, आणि तेव्हा लडाखची डाक हवामान उघडण्याची वाट पाहत थांबते. त्यामुळे नाताळ आणि संक्रांतीचे पार्सलही नोव्हेंबर लागण्यापूर्वी टपालात पडलेले बरे. दिवाळीचे तर घटस्थापनेच्या सुमारास निघावे. पाठवण्यापूर्वी त्याची रजा जवळ आलेली नाही ना, हेही विचारून घ्यावे.

नौदलातल्या माणसाच्या पत्त्यात जहाजाचे नाव आणि मुंबई, कोची किंवा विशाखापट्टणम् येथील फ्लीट मेल ऑफिस असते. जहाज समुद्रात असेपर्यंत डाक बंदरात पडून राहते, म्हणून तिथे खाऊ कमी आणि टिकाऊ वस्तू जास्त असाव्यात.

ज्यांच्या घरचे कोणी सैन्यात नाही, त्यांनी अनोळखी जवानाच्या नावे पार्सल पाठवू नये, कारण माहीत नसलेल्या माणसाकडून आलेला डबा पलटणीत संशयास्पद ठरू शकतो. त्यांच्यासाठी ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी हा सरळ मार्ग आहे.

पार्सल मिळाल्याचा फोन आला की ‘आवडले का’ एवढेच विचारून थांबू नये, कारण त्याचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. काय उरले, काय मोडले, काय सर्वांत आधी संपले आणि कोणी पुन्हा मागितले, हे विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेची यादी त्यावरूनच करावी.